छापलेले पुस्तक, रंगवलेली प्रत

एकाच ग्रंथाच्या, एकाच वर्षी निघालेल्या दोन प्रती लिलावात आल्या, तर एकीला दुसरीच्या कित्येक पट किंमत का मिळावी, हा प्रश्न जुन्या सचित्र ग्रंथांकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाला हमखास पडतो. छापील पुस्तकाच्या सर्व प्रती सारख्याच असणार, हे आजचे गृहीतक या प्रश्नाच्या मुळाशी असते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपात जे रंगीत चित्रग्रंथ निघाले, त्यांना मात्र हे गृहीतक लागू पडत नाही; कारण त्यांतील बहुतेकांची रेषा यंत्राने छापलेली आणि रंग माणसाने कुंचल्याने भरलेला असे. असे ग्रंथ जमवणारा संग्राहक नावापुरते पुस्तक विकत घेतो. प्रत्यक्षात तो एक विशिष्ट प्रत घेत असतो, आणि ती प्रत वाचता येणे हेच या छंदाचे खरे शास्त्र आहे.

१. रंग हाताने का भरावा लागे

एका कागदावर अनेक रंग छापायचे, तर प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करावा लागतो आणि तो आधीच्या ठशावर केसभरही न सरकता बसवावा लागतो. लाकडी हातछापाच्या काळात हे अशक्य नव्हते, पण इतके खर्चिक आणि बेभरवशाचे होते की काळ्या शाईत रेषा छापून त्यावर जलरंग भरून घेणे प्रकाशकांना स्वस्त पडे. अनेक रंगांची शिळाछपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट गोडफ्रॉय एंगेलमान याने १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले आणि त्यानंतरच्या काही दशकांत हाताने रंग भरण्याचा व्यवसाय ओसरत गेला. तरीही तो एकदम संपला नाही. १७८७ मध्ये सुरू झालेल्या ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ या इंग्रजी नियतकालिकातील वनस्पतिचित्रे १९४८ पर्यंत हातानेच रंगवली जात होती, कारण पाकळीवरील रंगांची सूक्ष्म चढ-उतार दाखवण्यात यंत्राला दीर्घकाळ यश येत नव्हते.

प्रकाशक एकच ग्रंथ पुष्कळदा दोन रूपांत विकत: रंग न भरलेला स्वस्त आणि रंग भरलेला महाग. बासिलियस बेस्लर याच्या १६१३ मधील ‘होर्टुस आयस्टेटेन्सिस’ या ३६७ चित्रांच्या उद्यानग्रंथाची रंगीत प्रत साध्या प्रतीपेक्षा कितीतरी पटींनी महाग होती. म्हणून रंग नसलेली जुनी प्रत अपुरी आहे, असे समजणे चुकीचे ठरते; ती तिच्या काळातील रास्त आणि पूर्ण प्रत असू शकते.

२. रेषा कशी छापली गेली

रंगाकडे वळण्याआधी त्याखालची रेषा ओळखावी लागते, कारण छपाईची पद्धत कळली की चित्राचा काळ बऱ्याच अंशी ठरतो. यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे असते.

सर्वांत जुनी पद्धत लाकडी ठशाची. तीत रेषा उंच ठेवून भोवतालचे लाकूड कोरून काढले जाई. लिओनहार्ट फुक्स याचा १५४२ मध्ये बाझेल येथे निघालेला वनस्पतिग्रंथ या पद्धतीचा प्रसिद्ध नमुना असून, त्याच्या अनेक प्रतींत ठशांवर रंग भरलेले आढळतात.

दुसरी पद्धत तांब्याच्या पत्र्याची. येथे क्रम उलटा असतो: रेषा पत्र्यात खोल कोरली जाते किंवा आम्लाने खाऊ दिली जाते, तिच्यात शाई भरली जाते आणि ओलसर कागद प्रचंड दाबाखाली पत्र्यावर दाबून ती शाई उचलली जाते. या दाबामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा चौकोनी ठसा कागदात उमटतो आणि बोटालाही तो जाणवतो. मारिया सिबिला मेरियन हिने सुरिनाममधील कीटकांवर १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये काढलेल्या ग्रंथातील ६० चित्रे अशाच पत्र्यांवरून छापलेली आहेत.

तिसरी पद्धत ॲक्वाटिंटची. ती तांब्याच्या पत्र्याचेच पुढचे रूप होय. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून ती उष्णतेने चिकटवली की आम्ल फक्त कणांमधल्या जागा खाते, आणि छापल्यावर जलरंगाच्या फिकट थरासारखी छटा मिळते. भिंगाखाली ही छटा सूक्ष्म, वेड्यावाकड्या कड्यांच्या जाळीसारखी दिसते. आकाश, धुके आणि पाणी यांसाठी ही पद्धत इतकी सोयीची होती की १७७५ ते १८३० या काळातील इंग्रजी प्रवासचित्रांचे बहुतेक मोठे ग्रंथ तिनेच तयार झाले. त्यांत आकाशाचा भाग निळसर आणि जमिनीचा भाग तपकिरी शाईत छापून उरलेले रंग कुंचल्याने भरण्याची प्रथा होती.

चौथी पद्धत शिळाछापाची, अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर याने बव्हेरियात शोधलेली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढले जाते, शिळा ओली केली जाते आणि तेलकट शाई फक्त खडूच्या रेषेवर बसते. पत्रा नसल्यामुळे येथे कडांचा ठसा नसतो आणि रेषेला खडूचा दाणेदारपणा असतो.

या चारही पद्धतींत रंग नंतर हाताने भरलेला असेल, तर भिंगाखाली तो छापील रेषेवर पारदर्शक थरासारखा पसरलेला दिसतो, कडेला किंचित गडद साचलेला असतो आणि क्वचित रेषा ओलांडून बाहेर गेलेला असतो. याउलट रंगीत शिळाछापात रंग ठिपक्याठिपक्यांनी बनलेला असतो. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याचे एखादे जुने देवचित्र घरात असेल, तर ते भिंगाखाली धरून हा फरक कोणालाही एका बैठकीत शिकता येतो.

या दोहोंच्या मधला एक प्रकारही आहे. पिएर-जोसेफ रदूते याच्या १८१७ ते १८२४ या काळातील गुलाबांच्या ग्रंथात एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या शाया बोळ्याने लावून एका दाबात रंगीत छाप घेतला गेला आणि नंतर कुंचल्याने तो पूर्ण केला गेला. अशा चित्रात रेषेचा किंवा ठिपक्याचा स्वतःचाच रंग हिरवा वा गुलाबी असतो.

३. रंगशाळेतील काम

चित्रकार स्वतः प्रत्येक प्रत रंगवत असे, ही समजूत रम्य असली तरी खरी नाही. चित्रकार किंवा मुख्य कारागीर एक नमुनाचित्र रंगवून देई, ते समोर ठेवून रंग भरणारे कारागीर काम करीत, आणि मोठ्या रंगशाळेत प्रत्येकाकडे एकेकच रंग असे. म्हणजे एकाने सर्व पानांवरील आकाश रंगवायचे, दुसऱ्याने पाने, तिसऱ्याने पिसे. या कामात स्त्रिया आणि अल्पवयीन मुलेही मोठ्या संख्येने असत. लंडनमध्ये रूडॉल्फ ॲकरमन या प्रकाशकाच्या ग्रंथांसाठी असे संघटित काम चाले, आणि जॉन गूल्ड याच्या पक्षिग्रंथांचे रंगकाम गेब्रिएल बेफील्ड याच्या देखरेखीखाली होई.

पेणच्या कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या गणपतीच्या मूर्ती डोळ्यांची आखणी झाल्यावर एकसारख्या राहत नाहीत, तसेच येथे घडे. सकाळच्या उजेडात ताज्या घोटलेल्या रंगाने केलेले चित्र आणि संध्याकाळी उरकलेले चित्र यांत फरक पडे. सुरुवातीच्या वर्गणीदारांसाठी घेतलेली काळजी पुढच्या प्रतींत राहीलच असे नसे. कधी फरक हेतुपुरस्सरही असे. गूल्डच्या हिमालयातील पक्ष्यांवरील पहिल्या ग्रंथात (१८३१-३२) एलिझाबेथ गूल्ड हिने शिळेवर रेखाटलेली ८० चित्रे आहेत. त्याच्या काही प्रतींत फक्त पक्षी रंगवलेले आहेत, तर काहींत फांद्या-पाने आणि भोवतालचा भागही. दोन्ही अस्सल आहेत, पण त्यांची किंमत सारखी नाही.

कारागिरांच्या हाती ग्रंथाचे भवितव्य किती असे, हे जॉन जेम्स ऑडुबॉन याच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’वरून कळते. एडिंबरो येथे विल्यम लिझार्स याने पहिले दहा पत्रे कोरले, पण १८२७ मध्ये त्याच्याकडील रंग भरणाऱ्यांनी काम थांबवले आणि ऑडुबॉनला सारा प्रकल्प लंडनच्या रॉबर्ट हॅवेलकडे न्यावा लागला. पुढची अकरा वर्षे तो तेथेच चालला.

४. रंग मूळचा की मागाहूनचा

संग्राहकाची सर्वांत मोठी फसगत येथे होते. रंग नसलेल्या जुन्या प्रतीत अलीकडे रंग भरून तिला ‘हाताने रंगवलेली’ म्हणून विकता येते आणि हे विधान शब्दशः खोटेही नसते. फक्त तो हात दोनशे वर्षांनंतरचा असतो. म्हणून ‘समकालीन रंग’, म्हणजे प्रकाशनाच्या सुमारास भरलेला रंग, आणि ‘मागाहूनचा रंग’ असा भेद केला जातो.

हा भेद ओळखण्याच्या काही खुणा आहेत. जुन्या हिरव्या रंगात तांब्याचे क्षार असत आणि ते काळाच्या ओघात कागद जाळत जातात. त्यामुळे पान उलटून पाहिल्यास हिरव्या भागामागे तपकिरी छाया दिसते. शिशाचा पांढरा रंग हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडतो, म्हणून जुन्या चित्रात पक्ष्याचे पांढरे पीस राखाडी झालेले आढळते. दीर्घकाळ मिटलेल्या ग्रंथात समोरच्या पानावर रंगाची पुसट प्रतिमा उतरते. कागद बनवताना त्यावर दिलेली सरसाची खळ जुनेपणी क्षीण होते, त्यामुळे आज भरलेला पातळ रंग तंतूंत शोषला जाऊन रेषेबाहेर पसरतो. शेवटी, पानावर डाग किंवा जोडलेली चीर असेल, तर रंग तिच्या खाली आहे की वर, हे पाहावे. दुरुस्तीच्या पट्टीवरून सलग गेलेला रंग दुरुस्तीनंतरचाच असणार.

रंगद्रव्यांचा इतिहास येथे साक्षीदार म्हणून उभा राहतो. प्रशियन निळा हा रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी तयार झाला. समजा, १६१३ च्या बेस्लरच्या ग्रंथातील एका निळ्या फुलात प्रयोगशाळेला हा रंग सापडला, तर ते फूल छपाईनंतर किमान नव्वद वर्षांनी रंगवले गेले, असे निश्चित म्हणता येते. टायटॅनियमचा पांढरा रंग आढळला, तर काम विसाव्या शतकातले ठरते. मात्र याचा व्यत्यास खरा नाही: जुना रंग नंतरही वापरता येतो, म्हणून जुने रंगद्रव्य हा समकालीनतेचा पुरावा नसून फक्त तिच्या विरोधात काही सापडले नाही, एवढेच त्यातून कळते.

अस्सल पण रंगविरहित प्रत ही नुकत्याच रंगवलेल्या प्रतीपेक्षा अधिक मोलाची मानली जाते, हे नवख्या संग्राहकाने मनाशी पक्के ठरवावे. पहिलीत उणे काही नसते, दुसरीत मूळ अवस्था कायमची गेलेली असते.

५. कागद काय सांगतो

कागद उजेडासमोर धरला की त्यात कधी अक्षरे दिसतात. गिरणीतल्या चाळणीवर तारेने विणलेल्या नावामुळे तेथे लगदा पातळ बसतो आणि जलचिन्ह उमटते. इंग्रजी चित्रग्रंथांत ‘जे. व्हॉटमन’ हे नाव आणि त्याखाली वर्ष वारंवार आढळते. वर्ष घालण्याला कराचे कारण होते: १७९४ च्या ब्रिटिश कायद्याने निर्यातीवरील कराचा परतावा मिळण्यासाठी कागदात वर्ष असणे आवश्यक केले.

याचा उपयोग असा. समजा, शीर्षकपानावर १८२६ हे वर्ष आहे आणि चित्रांच्या कागदात १८२४ आहे. येथे विसंगती नाही, कारण कागद आधी बनतो आणि मग छापला जातो. पण चित्राच्या कागदात १८४४ असेल, तर जुन्याच पत्र्यांवरून अठरा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा छाप घेतला गेला, हे उघड होते. मृदू तांब्यावरची ॲक्वाटिंटची जाळी दर छापागणिक झिजते, त्यामुळे अशा उशिराच्या छापात आकाशाची छटा विरळ असते आणि तो विरळपणा लपवण्यासाठी रंग दाट भरलेला असतो. जलचिन्हाचे वर्ष म्हणजे ‘याच्या आधी नाही’ एवढीच मर्यादा, हे ध्यानात ठेवावे.

६. पूर्ण प्रत म्हणजे काय

मोठे चित्रग्रंथ एकदम निघत नसत. वर्गणीदारांना काही महिन्यांच्या अंतराने भाग पाठवले जात आणि शेवटी ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधणी करून घ्यावी, असा रिवाज होता. त्यामुळे काही वर्गणीदार मध्येच गळत, काही भाग हरवत आणि बांधणी करणारा चित्रांचा क्रम चुकवी. म्हणून खरेदीपूर्वी चित्रे मोजणे अपरिहार्य ठरते. ऑडुबॉनचा ग्रंथ प्रत्येकी ५ चित्रांच्या ८७ भागांत निघाला, म्हणजे चित्रे ४३५ हवीत. त्याच ग्रंथाची लहान आकाराची शिळाछाप आवृत्ती १८४० ते १८४४ मध्ये १०० भागांत निघाली, म्हणजे तिच्यात ५०० हवीत.

मजकुराचा हिशेब वेगळा करावा लागतो. ऑडुबॉनच्या मोठ्या आवृत्तीत मजकूर नाहीच. ब्रिटनमध्ये मजकूर असलेल्या ग्रंथाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना फुकट द्याव्या लागत आणि इतक्या महागड्या प्रती वाचाव्यात म्हणून त्याने वर्णने वेगळ्या पाच खंडांत काढली. अशा तपशिलांसाठी विक्रेते आणि लिलावगृहे जे. आर. ॲबी याच्या संग्रहाच्या सूची आणि आर. व्ही. टूली याची इंग्रजी रंगीत चित्रग्रंथांची सूची यांचा हवाला देतात. विक्रीच्या वर्णनात ‘ॲबी’ किंवा ‘टूली’ यापुढे क्रमांक असेल, तर त्या नोंदीशी चित्रांची संख्या ताडून पाहावी.

पूर्ण प्रती दुर्मीळ होण्याचे एक कारण व्यापारी आहे. बांधणी सोडवून चित्रे एकेक करून चौकटीसाठी विकली, तर मिळणारी बेरीज अखंड ग्रंथाच्या किमतीपेक्षा पुष्कळदा जास्त होते. जेथे ग्रंथ आधीच खंडित आहे, तेथे सुटे चित्र घेण्यात गैर नाही. परंतु अखंड प्रत फोडणे म्हणजे क्रम, मजकूर, जुन्या मालकांच्या नोंदी आणि बांधणी हा सारा पुरावा नष्ट करणे होय. अखंडतेला मिळणारी किंमत पाहायची, तर ऑडुबॉनच्या पूर्ण संचाला २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ७३ लाख पौंड मिळाले.

७. पश्चिम भारताचे चित्रग्रंथ

मराठी संग्राहकाला जवळचे वाटावेत असे या परंपरेतले काही ग्रंथ आहेत. थॉमस आणि विल्यम डॅनियल यांचा ‘ओरिएंटल सीनरी’ (१७९५–१८०८) सहा भागांत, प्रत्येकी २४ याप्रमाणे १४४ ॲक्वाटिंट चित्रांचा असून त्याची पूर्ण किंमत २१० पौंड होती. त्यातील १८०३ चा भाग वेरूळच्या लेण्यांचा आहे आणि तो जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवर आधारलेला आहे. हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात पेशवे दरबारी काम करीत होता आणि १७९५ मध्ये ग्रंथ पाहण्यापूर्वीच वारला. त्याच काळात पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची चित्रे काढत होता. त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल येथील ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. डॅनियल ग्रंथाची लहान आवृत्ती १८१२ ते १८१६ या काळात निघाली, ती सामान्यतः रंग न भरता विकली गेली. म्हणून तिची ताज्या रंगांतली प्रत समोर आली, तर आधी चौथ्या विभागातील खुणा तपासाव्यात.

मुंबई लष्करातील रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम भारताच्या दृश्यांचा, वेशभूषेचा आणि वास्तूंचा ३६ ॲक्वाटिंट चित्रांचा ग्रंथ काढला. त्यात मुंबई बंदर, दौलताबाद आणि वेरूळ आहेत. पुढे बँक म्हणून ओळखली गेलेली ग्रिंडलेज ही पेढी याच गृहस्थाची. जेम्स फोर्ब्ज याच्या १८१३ मधील चार खंडांच्या ‘ओरिएंटल मेम्वार्स’मध्ये मुंबई-गुजरातकडील पक्षी आणि वनस्पती यांची काही चित्रे हाताने रंगवलेली आहेत. खुद्द मुंबईत झालेले कामही आहे: होझे एम. गोन्साल्विस, जो गोमंतकीय वंशाचा असावा असे मानले जाते, त्याने १८२६ मध्ये मुंबईच्या दृश्यांची शिळाछाप चित्रे तेथेच प्रसिद्ध केली. लंडनच्या रंगशाळेत भारत न पाहिलेल्या कारागिरांनी रंगवलेली सह्याद्रीची झाडी आणि मुंबईत राहणाऱ्याने पाहिलेला उजेड यांची तुलना करणे हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय होऊ शकतो.

८. सुरुवात, जपणूक आणि कायदा

आरंभ मोठ्या ग्रंथापासून करण्याची गरज नाही. ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’चे सुटे पान किंवा ऑडुबॉनच्या लहान आवृत्तीचे एखादे चित्र घेऊन वरील सर्व खुणा हाताळून शिकता येतात. खरेदीपूर्वी तेच चित्र बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या मोफत संकेतस्थळावर पाहावे, मात्र पडद्यावरील रंगावर निर्णय सोडू नये. तेथून ताडायच्या त्या रेषा, चित्रसंख्या आणि कोणता भाग रंगवलेला आहे, या गोष्टी.

जलरंग उजेडाने उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून संग्रहालयात अशा चित्रांवर साधारणपणे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू दिला जात नाही. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी आणि तांबूस ठिपके हे मोठे शत्रू असतात. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि मोठ्या आकाराचा ग्रंथ आडवा ठेवावा. कसर दूर ठेवण्यासाठी पोथ्यांत वेखंड ठेवण्याची जुनी रीत आहे. ते येथेही चालते, पण पुरचुंडीत बांधून आणि पानाला न लागता. चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे आवरण चिकटवणे वर्ज्य समजावे. फाटलेले पान जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरणाऱ्या जाणत्याकडे द्यावे. एकोणिसाव्या शतकातील काही झळझळीत हिरव्या रंगांत आर्सेनिक असते, म्हणून हाताळणीनंतर हात धुवावेत आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये.

भारतातील १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुन्या वस्तू, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन वा कलात्मक मूल्याची ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते व कागदपत्रे, यांच्या निर्यातीवर खासगी व्यक्तींना बंदी आहे. परदेशी राहणाऱ्या आप्तांकडे असा ग्रंथ पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्येक प्रत वेगळी असल्यामुळे तिची नोंदही वेगळी ठेवावी लागते: चित्रांची संख्या, जलचिन्हांची वर्षे, रंगाची अवस्था, दुरुस्त्या, आधीच्या मालकांची नावे, खरेदीचे ठिकाण आणि किंमत. ही वही ग्रंथासोबतच ठेवावी, म्हणजे तो पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला प्रतीची परीक्षा पहिल्यापासून करावी लागणार नाही, आणि मधल्या काळात कोणी रंग वाढवला वा पान काढून घेतले, तर ते लपणार नाही.